माझा खोटा आकडा आणि तन्वीचं लग्न

मी साखरेचं मशीन बोलतोय. खोक्यावर माझं नाव ग्लुकोमीटर असं छापलं होतं, पण मालवणच्या खाडीकाठच्या आमच्या गावात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. "बाय, ता बोटाक टोचूचा मशीन हाड गो," असं कुणी म्हटलं की मी बाहेर येतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ती विनीता सिस्टरांची पर्स. आमच्या आरोग्य उपकेंद्रात त्या एकोणीस वर्षं नोकरीला आहेत. सरकारी कपाटात मी दमट हवेनं सडून गेलो असतो. त्यांनी मला चष्म्याशेजारी, छत्रीखाली जागा दिली.

माझं काम सोपं. बोटाला टोचायचं, पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पाच सेकंदांत मी आकडा सांगतो. एवढ्या पाच सेकंदांसाठी माणसं काय काय करतात! आंब्याच्या दिवसांत तर अख्खं गाव खोटं बोलतं. "एकच फोड खाल्लंय," म्हणणाऱ्याच्या हनुवटीवर रस वाळलेला असतो. एका गृहस्थांनी बायकोचं बोट पुढे केलं होतं. म्हणाले, "दोघांव एकाच घरात जेवतो, आकडो सारखोच येतलो."

सिस्टर नाडी बघत, पायांना सूज आहे का दाबून बघत, घरात कोण आजारी आहे ते विचारत. पण शेवटी सगळे माझ्याच काचेत डोकावत. त्यामुळे मला वाटू लागलं, की खरा निकाल माझाच. सिस्टर नुसत्या गप्पा मारतात. हा गर्व गेल्या वैशाखात तन्वीच्या लग्नात उतरला.

तन्वीचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं ते मामा-मामींनी, गुरुदास आणि तुळसा यांनी. कन्यादान त्यांच्याच हातून व्हायचं होतं, म्हणून दोघांनी उपास धरला होता. नवरा सुशांत कसालचा. वरपक्षाची सूत्रं त्याचे काका गणपतराव यांच्या हाती. हे निवृत्त हेडक्लार्क. सरळ मिशी, इस्त्रीचा कोट, आणि बावीस वर्षांचा मधुमेह, ज्याचा त्यांना पदवीसारखा अभिमान.

मुहूर्त सव्वाबाराचा होता. विनीता सिस्टर सकाळचं लसीकरण उरकून, खांद्यावर पर्स तशीच घेऊन मांडवात आल्या. पावणेबाराच्या सुमारास मांडवाच्या टोकाशी गलका झाला.

झालं असं, की मामानं नवरीला आणायला उठायचं होतं. गुरुदास उठले, डुलत चालत गेले, आणि त्यांनी थेट गणपतरावांचा हात धरला.

"चल गो बाय," ते म्हणाले, "मुहूर्त झालो. रडा नको."

गणपतरावांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. गुरुदासांनी तो आणखी घट्ट धरला आणि त्यांना चार पावलं बोहल्याकडे ओढत नेलं. वर मायेनं म्हणाले, "मिशी कित्याक ठेवलंस गो?"

मांडव हसला. गणपतरावांचा चेहरा तांबडा झाला होता.

"हा माणूस पिऊन आलाय," ते म्हणाले. "कन्यादानाला पिऊन बसणारं घर आम्हाला नको. सुशांत, ऊठ."

सुशांत अर्धवट उठला, आतल्या दाराकडे बघून पुन्हा बसला. दारात तन्वी मुंडावळ्या बांधून उभी होती. तुळसामामी पुढे आल्या. "ह्येनी आयुष्यात कधी थेंब घेतलो नाय," त्या म्हणाल्या.

तोवर सिस्टर गुरुदासांच्या समोर पोचल्या होत्या. त्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हात हातात घेतला.

"दादानू, माका वळाखलास?"

"होय तर. तू कंडक्टर," गुरुदास म्हणाले. "कसालाक एक अर्धा तिकीट दी."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तोंडाजवळ नाक नेलं. दारूचा वास नव्हता. दोन्ही हात वर उचलायला लावले, दात दाखवायला सांगितलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या, म्हणजे अर्धांगाचा झटकाही नव्हता. मग पर्स उघडून त्यांनी मला बाहेर काढलं. घाई होती. बोट टोचलं, थेंब पट्टीवर आला, आणि मी छाती फुगवून आकडा दिला. तीनशे बारा.

गणपतराव खांद्यावरून बघत होते. त्यांचा राग एकदम ज्ञानात बदलला. "साखर चढलीय. मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. माझी गोळी खिशात आहे, ती द्या. अर्ध्या तासात माणूस ताळ्यावर येईल." त्यांनी पाकीटही काढलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गोळी नको," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पण मशीन सांगतंय ना!"

मीही मनात तेच म्हणत होतो. पण सिस्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या हातातल्या हाताकडे बघत होत्या. वैशाखात मांडवात सगळेच घामाघूम होते, पण सगळ्यांचे हात गरम होते. गुरुदासांचा हात बर्फातल्या बांगड्यासारखा थंडगार, आणि थरथरत होता. साखर चढलेला माणूस तहानेनं पाणी पाणी करतो, तोंड कोरडं पडतं. तासाभरात असा घामानं भिजून बरळू लागत नाही.

"वयनी, सकाळी ह्येनी काय खाल्ल्यानी?"

"उपास मा. पाणी सुद्दा नाय," तुळसामामी म्हणाल्या. "साखरेची गोळी तेवढी घेतल्यानी. तुमीच सांगितलास, गोळी एक दिस चुकवची नाय."

सिस्टरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी गुरुदासांचं बोट वर करून उजेडात धरलं. ते चकाकत होतं.

"आणि सकाळपासून करत काय होते?"

"पावण्यांका देऊक खाजा पुडयेत भरी होते. शंभर पुडये."

खाजं म्हणजे आमच्याकडचा गुळात घोळलेला, आलं घातलेला खाऊ. शंभर पुड्यांचा गूळ त्या बोटावर बसला होता, आणि मी रक्ताऐवजी गुळाची साखर मोजली होती. मला आयुष्यात इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

त्याच तांब्यातल्या पाण्यानं, साबण लावून सिस्टरांनी हात धुतला, कोरडा पुसला, दुसरं बोट टोचलं. मी आकडा दिला. चव्वेचाळीस. साखर चढली नव्हती, उपाशीपोटी घेतलेल्या गोळीनं पार तळाला गेली होती.

गणपतरावांनी गोळीचं पाकीट हळूच खिशात घातलं.

"एक घोट गिळून दाखवा, दादानू," सिस्टर म्हणाल्या. ते नीट गिळतायत याची खात्री झाल्यावर चार चमचे साखर घातलेलं पाणी त्यांनी हळूहळू पाजलं. मागून कुणी कुजबुजलं, की उपास मोडला. भटजींनी घड्याळातून मान वर केली. "औषधाक उपास आड येवचो नाय," ते म्हणाले. "तांब्यो भरून पाजा. मुहूर्ताक अजून पंचवीस मिनटा आसत."

पंधरा मिनिटांनी माझा आकडा एकोणनव्वद झाला. गुरुदासांनी डोळे चोळले, भोवतीची गर्दी पाहिली आणि गणपतरावांवर नजर गेल्यावर ते धडपडत उठू लागले. "पावणे उभे कशे? खुर्ची दिलास नाय?"

"बसा, बसा," गणपतराव म्हणाले. "तुम्ही मला बोहल्यावर नेत होतात. माझी बायको तिकडे बसलीय, तिला विचारायला हवं होतं." आणि आपलीच खुर्ची त्यांनी गुरुदासांशेजारी ओढून घेतली.

सिस्टरांनी गुरुदासांना दोन घावणे खायला लावले, कारण गोळीचा असर पोटात बाकी होता. कन्यादान झालं. अक्षता पडल्यावर पंगतीला न बसता सिस्टर त्यांना रिक्षानं ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या, संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवलं. वाटेत त्या म्हणाल्या, "चूक माजी पण आसा. गोळी चुकवची नाय म्हटलंय, पण उपाशी असशाल तर काय करूचा, ता सांगूक इसारलंय." त्या दिवसापासून गोळ्या देताना त्या आधी विचारतात, की घरात कुठला उपास येतोय का.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या काचेवर चरा आहे आणि आकडे फिकट उमटतात, त्यामुळे सिस्टर मला फक्त पर्समध्ये ठेवतात आणि नव्या मशीनवर तपासतात. मधूनच नव्याची बॅटरी संपते, तेव्हा माझी पाळी येते. माझं एवढंच मागणं आहे. बाबांनो, बोट पुढे करण्याआधी हात धुवा, आणि धुतल्यावर पुसा. ओल्या बोटावर रक्त पातळ होतं, आणि मी उलट्या बाजूला, कमी आकडा दाखवून खोटं बोलतो.

परवाच गणपतराव कसालहून गुरुदासांकडे आले होते, आणि नेमकी नव्या मशीनची बॅटरी संपली होती. उपकेंद्रात येऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर बोट धरलं. आकडा दिल्यावर मी वाट बघत राहिलो. सिस्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली होती. "पायाला मुंग्या येतात का? रात्री झोप लागते का? घरी कोण असतं?" त्या विचारत होत्या, आणि बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं तसं गणपतराव सांगत होते. मी थोडा वेळ आकडा धरून उजळत राहिलो. मग कुणी बघत नाही असं पाहून, समाधानानं विझलो.