सड म्हणा, पण गूळ लावू नका

मी सड बोलतोय. गाईचा नव्हे, म्हशीचा तर नव्हेच. बेळगावच्या वेशीवर एक औषधशास्त्राचं कॉलेज आहे. त्याच्या मागच्या अंगाला पांढऱ्या उंदरांची पैदास करायची खोली आहे. तिथल्या रॅकवर, दाराकडच्या पहिल्या पिंजऱ्यात तोंड खुपसून मी बसलोय. अंगानं बोटाच्या पेराएवढा, पण माझा तोरा विचारू नका!

माझा जन्म उद्यमबागेतल्या एका कारखान्यातला. लेथवर गरागरा फिरवून, अंगाचे छिलके काढून मला आकाराला आणलं. पोटात एक बारीक पिन बसवली, पिनेखाली रबराची कडी. उंदरानं जिभेनं पिन हलवली की पाणी सुटायचं, जीभ काढली की बंद. एवढंच माझं शिक्षण. खोक्यावर माझं नाव इंग्रजीत छापलं होतं आणि ते घेताना दातखीळ बसायची. खोकं उघडून रूपालीनं मला तळहातावर घेतलं आणि ती खुदकन हसली.

"आक्का, ह्यो तर म्हशीचा सड की गं!"

झालं. त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी माझं नाव सड. खोलीच्या सरांच्यासुद्धा.

रूपाली आणि जिला ती आक्का म्हणते त्या जयाबाई, या दोघी ही खोली सांभाळतात. दोघी एकाच गावच्या, एकाच गल्लीतल्या. घरी शेती, म्हशी. सकाळी धारा काढून बसनं इथं यायचं. माझ्या आधी इथं बाटल्यांचं राज्य होतं. बाटल्या उतरवायच्या, ब्रशनं घासायच्या, भरायच्या, उलट्या टांगायच्या, आणि संपलं म्हणेपर्यंत पहिल्या पिंजऱ्यातली बाटली रिकामी! जयाबाईंच्या बोटांना सदा भेगा. सण असो, घरात लग्न असो, उंदराला तहान लागायची ती लागतेच. दोघींना मिळून सुट्टी कधी मिळालीच नाही.

आणि नेमकी यंदा त्यांच्या गावात लक्ष्मीची यात्रा आली. ही यात्रा दरवर्षीची नव्हे, कैक वर्षांनी एकदा भरणारी. मागच्या यात्रेला जयाबाई बाळंतीण होत्या. देवी दारावरून नाचत गेली ती त्यांनी खिडकीच्या फटीतून पाहिली. रूपाली तर तेव्हा या गावची सूनही नव्हती. यंदा दोघींनी देवीपुढं जोडीनं नाचायचं ठरवलं होतं. हिरवी लुगडी वडगावच्या मागावरून आणूनसुद्धा ठेवली होती.

मंथन सर म्हणजे या खोलीचे प्रमुख. वयानं तरुण, स्वभावानं भले, पण नियमाला पक्के. ते म्हणाले, "हे सड नीट चालले, तर यात्रेला दोघी जा. सकाळ-संध्याकाळ मी बघेन. पण नाही चालले तर बाटल्या परत येणार, आणि बाटल्या म्हटलं की एकीला थांबावंच लागेल. मला एकट्याला ते जमायचं नाही."

आता कळलं ना, माझ्या एवढ्याशा तोंडावर केवढं ओझं होतं ते?

निपाणीहून जोतिराम अण्णा आले. नळकामातले मुरलेले गडी. त्यांनी वर टाकी बसवली, खाली गाळणी, मग दाबाची चावी, आणि तिथून रॅकभर बारीक पाइप फिरवला. आम्हा सडांना एकेक करून पाइपावर बसवलं. शेवटाला पाइपातली हवा काढायला एक कॉक. सगळं आवळून झाल्यावर अण्णांनी पाणी सोडलं. पाइपात गुडगुड झाली, माझ्या पाठीला गार पाणी लागलं. काय सांगू तुम्हाला! लेथवरून उतरल्यापासून मी ज्याची वाट पाहत होतो, ते आलं!

माझ्या पिंजऱ्यात एक मादी नुकतीच व्यालेली होती. पिल्लं गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली, भुईमुगाच्या दाण्यासारखी. बाटली गेलेली पाहून ती हुंगत हुंगत माझ्याकडं आली. तिनं जीभ लावली. मी जीव लावून पिन सरकवली, आणि फस्सकन पाण्याची चूळ तिच्या नाकावर!

ती जी पळाली ती कोपऱ्यातच. शेजारच्या पिंजऱ्यांतही तेच. कुणी हुंगायचं, नाकावर पाणी घ्यायचं आणि आम्हाला पाठ दाखवायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पितंय का गं कोण?" जयाबाईंनी विचारलं.

"न्हाय आक्का. भिऊन बसल्यात सगळी."

सर म्हणाले, "जेवण होईपर्यंत वाट बघू. नाहीतर बाटल्या लावा. बाळंतिणीला तहानलेली ठेवायची नाही." जयाबाई आणि अण्णाही भाकरी खायला बाहेर गेले.

रूपाली एकटीच उरली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मग एकदम तिचे डोळे चमकले. तिनं डबा उघडला, चपातीबरोबरचा गुळाचा खडा काढला, आणि मऊ करून माझ्या तोंडाला चांगला चोळला! तिच्या घरी रेडकू सडाला तोंड लावत नसलं की असंच करतात. नाव सड ठेवलं, मग उपायही सडाचाच.

आणि खरंच, मादी आली! गुळाच्या वासानं मिशा थरथरल्या, तिनं चाटलं, चूळ आली तरी चाटलं, पाणी प्याली, पुन्हा प्याली!

"आक्का! प्याली गं, प्याली!" रूपाली ओरडतच जेवायला पळाली.

मीही फुशारलो होतो. पण मादी बाजूला झाली तरी माझं पाणी थांबेना. गुळाची कणी पिनेच्या बुडाशी अडकली होती. मी तोंड मिटायला जातोय आणि तोंड मिटत नाहीय! धार बारीक, पण लागून राहिलेली. भुसा भिजला, मग भुशावर पाणी दिसायला लागलं. मादीनं एक पिल्लू तोंडात धरलं, खाण्याच्या जाळीखालच्या उंचवट्यावर ठेवलं. परत आली, दुसरं उचललं. मला हाका मारता येत असत्या तर मी अख्खं कॉलेज गोळा केलं असतं.

देवासारख्या जयाबाई आल्या. पाण्याचा तांब्या विसरला म्हणून आल्या आणि दारातच किंचाळल्या.

"रूपा! पाणी बंद कर गं! पिल्लं बुडाल्यात!"

मागोमाग धावत आलेल्या रूपालीनं दाबाची चावी गच्च बंद केली. जयाबाईंनी कोरडा पिंजरा ओढला, हाताला जुना भुसा चोळला, म्हणजे आईला परका वास येणार नाही, आणि एकेक पिल्लू उचलून कापसात ठेवलं. वर दिवा लावला. दोघी श्वास धरून बघत राहिल्या. एक वळवळलं, मग दुसरं, मग सगळीच. आईलाही आत सोडलं, ती आली आणि त्यांच्यावर पसरून बसली. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

सर आले तेव्हा रूपाली रडत होती. "सर, मीच केलं. गूळ लावलो. आता यात्रंला मी हितंच थांबतो, आक्काला तेवढं जाऊ दे."

"गप गं," जयाबाई म्हणाल्या. "गेलो तर दोघी, न्हायतर कोण न्हाय."

सर काही बोलायच्या आधीच जोतिराम अण्णांनी मला पाइपावरून काढलं, खोललं, आणि त्यांना हसू आवरेना. "सडाला गूळ? बरं झालं पोरी, तू आमच्या निपाणीची न्हाईस. तंबाखू चोळली असतीस!" मग गंभीर होऊन म्हणाले, "पर चूक माझी बी हाय सर. दाब लई झालता. नाकात पाणी गेल्यावर कोण पिणार?"

मला गरम पाण्यात उकळलं. माझी पिन पुसून मला परत पाइपावर, बाळंतिणीच्या कोरड्या पिंजऱ्याशी बसवलं. दाबाची चावी अगदी थोडी उघडून पाणी सोडलं. मग दोघींनी एकेका सडाला बोटानं हलकंच दाबलं आणि तोंडाशी एकेक थेंब लोंबता ठेवला. सर दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे. मादी उठली. थेंबाकडं पाहिलं. चाटला. मी पिन हलवली, या खेपेला अगदी सावकाश, आणि ती प्याली! गुळाशिवाय! शेजारच्या पिंजऱ्यातून टिक टिक ऐकू आलं, वरच्या ओळीतून, खालच्या ओळीतून. रॅकभर आम्ही सड बोलायला लागलो! सर म्हणाले, "लुगडी इस्त्री करून ठेवा."

पुढं रोज सकाळी दोघी आम्हाला एकेकाला दाबून पाहू लागल्या, कोण अडलंय, कोण गळतंय. माझ्याकडं रूपाली जरा जास्तच वेळ बघते. बघू दे. माझी तक्रार नाही.

इथली पिल्लं मोठी झाली की औषधांच्या परीक्षेला जातात. ते मला ठाऊक आहे, आणि ते माझ्या हाती नाही. माझ्यापाशी आहेत तोवर एकानंही तहानेनं कासावीस होऊ नये, एवढंच माझ्या हाती. वाचकहो, तुमच्या दारी कुणी मुकं जनावर बांधलेलं असेल, तर त्याचं पाणी आज एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. त्याला मागता येत नाही.

आज यात्रा आहे. खोलीत सर एकटे आहेत. आत्ताच त्यांचा फोन वाजला. पडद्यावर भंडाऱ्यानं पिवळीधम्मक झालेली रूपाली, मागं हलगीचा कडकडाट.

"सर, पितात न्हवं समदी?"

सरांनी फोन माझ्यासमोर धरला. आणि तेवढ्यात त्या वाचलेल्या पिल्लांतलं एक, आता डोळे उघडलेलं, पांढरी लव आलेलं, मागच्या पायांवर उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाला जीभ लावली. टिक!

"आक्का, बघ! बारकं पितंय गं, बारकं!"

जयाबाईंनी पदरानं डोळे पुसले, भंडारा आणखीच पसरला. "पितंय न्हवं? मग ठिव त्यो फोन. देवी आली बघ वळणावर!"

जावा बायांनो, जावा. पोटभर नाचून या. पाण्याचं मी बघतो.