काशाच्या वाटीची लाज

मी एक जुनी काशाची वाटी आहे. मित्रांनो, जुन्या भांड्यांना बढाया मारायची भारी खोड असते. मला मात्र आज माझी लाज सांगायची आहे. इतकी वर्षं ती पोटात ठेवली, आता ठेववत नाही.

तांबं आणि कथील एकत्र वितळवून एका कासाराने मला घडवलं. ठोकून ठोकून माझा तळ असा गुळगुळीत केला की बोट ठेवलं तर घसरावं. साताऱ्याच्या एका मुलीच्या रुखवतात मी मिरवले. ती मुलगी म्हणजे आमच्या घरातली आजी. माझ्यात कधी कुणी आमटी वाढली नाही की खीर. माझं काम एकच. तळपायाला तूप लावायचं आणि माझ्या तळाने गोल गोल घासायचं. घासता घासता तूप काळंकुट्ट होतं. लोक म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडली. खरंखोटं वैद्य जाणोत. मला एवढंच ठाऊक की पाय घासून घेणारा थोड्याच वेळात घोरायला लागतो.

आजी गेली आणि कमलाकर आजोबा मुलाकडे सिंगापूरला आले. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. त्यांच्या बंडीत गुंडाळून मीही आले, मरीन परेडच्या नवव्या मजल्यावर. मुलगा प्रकाश चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचा. सून मेधाही नोकरी करायची. मधुमेहामुळे आजोबांच्या तळपायांची नुसती आग व्हायची. मेधा संध्याकाळी घरी आली की कुकर लावायची आणि शिट्ट्या होईपर्यंत सासऱ्यांचे पाय घासायची. एक दिवस चुकवला नाही बाईने, आणि कुणी तिला शाबासही म्हटलं नाही.

नात अवनी हुशार होती, पण भारी किळस करणारी. एकदा मेधाला उशीर झाला, तेव्हा आजोबांनी भीत भीत विचारलं, "अवनी, आज तू घासतेस का गं पाय?"

"आजोबा, later lah! कसलं काळं होतं ते, ई!" असं इथल्या पोरांच्या बोलीत म्हणून ती खोलीत निघून गेली. पुन्हा आजोबांनी तिला कधी विचारलं नाही.

अवनीला डॉक्टर व्हायचं होतं. इथल्या मेडिकलने तिला दोनदा नाही म्हटलं. मग २०१६ साली तिने अमेरिकेतल्या एका ऑस्टिओपॅथिक कॉलेजात अर्ज केला. तिथे सगळी डॉक्टरकी तर शिकवतातच, शिवाय हातांनी अंग चाचपून, दाबून उपचार करायलाही शिकवतात. हा तिचा शेवटचा दरवाजा होता. अर्जात प्रश्न होता : तुमच्या हातांनी कुणाचं दुखणं हलकं झालं आहे का?

पोरगी दोन दिवस कोऱ्या पानाकडे बघत बसली. शेवटी मेधाच म्हणाली, "अगं, आजोबांच्या पायांचं लिही ना. काशाची वाटी, साजूक तूप. तिकडच्या लोकांना असलं फार आवडतं."

"पण आई, ते तू करतेस."

"मी केलं काय नि तू केलंस काय, घर एकच ना?"

आमच्याकडे हे असंच चालतं बघा. एकाने केलेलं साऱ्या घराचं. मलाही त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. अवनीने लिहिलं की रोज संध्याकाळी मी आजोबांचे पाय घासते, स्पर्श काय असतो ते मी तिथे शिकले. कॉलेजला ते इतकं आवडलं की मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरूनच द्यायची होती, लॅपटॉपवर, सकाळी आठला.

आदल्या दिवशी मेधाने मला पितांबरीने लख्ख घासलं. मुलाखतीत अवनीने मला कॅमेऱ्यासमोर धरलं. पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती सुंदर आहे ही!" मित्रांनो, तेव्हा मी सुखावले. पन्नास वर्षांत माझं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. हातात धरणारी खोटं बोलते आहे हे ठाऊक असून मी सुखावले. हीच माझी लाज.

मग बाईंनी विचारलं, "आजोबांना बरं वाटू लागलं, हे तुझ्या हाताला कसं कळतं?"

अवनीने पडद्यावरून नजर उचलून आईकडे पाहिलं. लॅपटॉपच्या मागे उभ्या असलेल्या मेधाने आपली आवळलेली बोटं हळूहळू उघडून दाखवली. अवनी घाईने म्हणाली, "त्यांची पायाची बोटं आखडलेली असतात, ती सैल होतात."

"वा!" बाई म्हणाल्या. "आजोबा घरात आहेत का? मला त्यांना नमस्कार करायचा आहे."

प्रकाशने आजोबांना आणून खुर्चीवर बसवलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आतापर्यंतचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. बाईंनी हसून विचारलं, "काय आजोबा, नातीचा हात कसा आहे?"

अवनीचा चेहरा पांढराफटक पडला. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग शाळेतल्या त्या स्वच्छ इंग्रजीत ते म्हणाले, "फार हलका. रोज न चुकता घासते."

कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारा माणूस हा! मला टेबलाखाली घरंगळून जावंसं वाटलं.

मुलाखत संपली. प्रकाशने टाळी वाजवली, "जमलं! बाबा, तुम्ही तर कमालच केलीत!" मेधाने मात्र मान वर केली नाही. आजोबा खोलीत जाऊन आडवे झाले. थोड्या वेळाने अवनी तूप आणि मला घेऊन त्यांच्या पायाशी बसली. आजोबांनी पाय चादरीत ओढून घेतले.

"आज नको, बाळ. साक्ष देऊन दमलोय मी."

अवनी तिथेच हुंदके देऊन रडू लागली. "आजोबा, मला लाज वाटते हो. मी त्यांना पत्र लिहिते."

दारातून प्रकाश ओरडला, "वेड लागलंय का? हातातोंडाशी आलेला घास आहे हा!"

"लिहू दे तिला," मेधा म्हणाली. "तिला मीच शिकवलं हे. आणि खरं सांगू? पडद्यावर तिची वाहवा झाली ना, तेव्हा मला वाईट वाटलं. हात माझे होते रे." आणि तीही रडली.

अवनीने पत्र लिहून आजोबांना वाचून दाखवलं : आम्ही थोडं वाढवून सांगितलं, क्षमा करा. आजोबा उठून बसले. "वाढवून नाही, खोटं. आणि 'आम्ही' खोड, 'मी' लिही. आईचं नाव लिही. खाली माझ्यासाठी दोन ओळी जागा सोड. माझं खोटं मी माझ्या हाताने लिहीन."

पत्र गेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. खरं सांगितल्याबद्दल बाईंनी आभार मानले होते, पण प्रवेश नाकारला होता. प्रकाश म्हणाला, "मिळालं ना बक्षीस?" अवनी हमसून हमसून रडली. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीचं स्वप्न गेलं. माझा जीव तुटला, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मेधा ऑफिसातून यायची होती. आजोबांनी हाक मारली, "अवनी, ये. आज जरा जास्तच जळताहेत." आणि त्यांनी पाय चादरीबाहेर काढले. पोरीला मला धड धरताही येत नव्हतं. माझी कड टोचली तसे आजोबा कळवळले, "अगं हळू, उलटी धरलीस!" तिने डोळे पुसले, मला सुलटं केलं आणि परत घासू लागली. मेधा आली, दारात चपला काढता काढता थबकली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकर लावला.

मित्रांनो, घरातल्या थकलेल्या माणसांची सेवा सांगायला फार गोड असते, करताना मात्र हात काळे होतात. तुम्ही ती केली नसेल तर नाही केली म्हणा, आणि जिने केली तिचं नाव घ्या. एवढीच माझी विनवणी. अजूनही घरी आलेलं कुणी मला हातात घेऊन छान म्हणालं की मी आधी मेधाकडे बघते.