मागच्या सात खोल्या

रुद्रय्यांच्या किराणा दुकानाच्या पायरीशी अनुजा थांबली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि तिचा घसा बसायला आला होता. प्रचाराचा अकरावा दिवस. हातात पत्रकांचा गठ्ठा. त्यावर हात जोडलेला तिचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘परवडणारं कोल्हापूर’. पाणीपट्टी निम्मी, लहान घरांना घरफाळा माफ, आणि महापालिकेनं स्वतः बांधून कमी भाड्यानं द्यायच्या खोल्या. बहुमत आलं तर महापौर अनुजाच, असं आघाडीनं जाहीर करून टाकलं होतं. घरफाळ्याच्या मोर्चात तीन वर्षं पुढं चालणारी वकीलबाई म्हणून शहर तिला ओळखत होतं.

रुद्रय्यांनी पत्रक घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांशी धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. असं वाचणारा माणूस अकरा दिवसांत पहिलाच भेटला होता.

“भाड्याच्या खोल्यांचं बेस लिवलंय,” ते म्हणाले. “पर मग तुमच्या घरामागच्या सात खोल्या पाडायला कशाला काढल्या, ताई?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पायजे? परवा दोन पोरं टेप लावून मोजत हुती. पाच मजली हुनार म्हनं. खाली गाळे.”

“काहीतरी अफवा असेल,” अनुजा म्हणाली आणि हसली. प्रचारात सवयीचं झालेलं ते हसू.

रुद्रय्यांनी वाद घातला नाही. पत्रकाची घडी घालून त्यांनी ती गल्ल्याखाली ठेवली. “मी मत तुमालाच देणार हाय. इचारावं वाटलं, इचारलं.”

पुढची गल्ली कार्यकर्त्यांवर सोपवून अनुजा तडक घरी आली, पण पुढच्या दारानं गेली नाही. घराला वळसा घालून मागं गेली. सासरे हंबीरराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांच्या वडिलांनी उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या त्या सात कौलारू खोल्या. समोर एक सामाईक नळ आणि शेवग्याचं झाड. सातांतल्या चार दारांना कुलपं होती. ती तिला आठवडाभर दिसत होती. माणसं गावाकडं गेली असतील, असं समजून ती रोज त्यांच्यासमोरून गेली होती.

पाचव्या खोलीत खतिजाभाभी भाकरी थापत होत्या. गेली एकोणीस वर्षं त्या इथंच राहत होत्या. स्पर्धा परीक्षेच्या क्लासला आलेल्या चाळीसभर पोरांचे डबे त्यांच्याकडून जात. मुलगा तोहिद शिरोलीला फौंड्रीत कामाला. अनुजाचा फॉर्म भरला त्या दिवसापासून संध्याकाळी डबे पोचवून झाले की भाभी बायकांच्या घरोघर तिच्यासाठी फिरत होत्या.

“भाभी, खोल्या पाडणार आहेत?”

भाभींचा हात थांबला नाही. “व्हय. फेब्रुवारीच्या आत मोकळं करून द्यायचं हाय.”

“मला का नाही सांगितलं?”

आता मात्र त्यांनी मान वर केली. “तुमाला म्हायती न्हवतं?”

अनुजानं नकारार्थी मान हलवली.

“तुमचंच घर हाय, वहिनी. रोज सकाळी दारातनं जाता, हसता, ‘येते भाभी’ म्हणता. मला वाटलं, तुमचं सगळ्यांचं ठरूनच झालंय.”

“आणि तरी माझ्यासाठी फिरत होता तुम्ही?”

“मग कुणासाठी फिरू? दुसरं कोण पाणीपट्टी कमी करतो म्हणतंय?” भाभींनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “खोली तर चाललीच. लोकांचं पाणी तरी स्वस्त हुईल म्हटलं.”

अनुजा उंबऱ्यावरच बसली. एकोणीस वर्षांचं भाडेकरूपण असं उठवता येत नाही, कायदा आहे, वकीलपत्र मी घेते, उद्याच्या उद्या दावा टाकू, असं ती भराभरा बोलत गेली. भाभींनी सगळं ऐकून घेतलं.

“कुणाच्या इरुद्ध टाकणार? आबांच्या? आनि मग जेवायला कुठं जानार?”

“ते माझं मी बघेन.”

“आता बघून उपेग न्हाई. सह्या झाल्या. लाख लाख रुपये दिले आबांनी प्रत्येकाला. आपखुशीनं सोडतोय म्हणून स्टँपवर लिवून घेतलं. तोहिद म्हणाला, हातात येतंय तेवढं घ्यावं, भांडाय कुठं जायचं. त्याचंबी चूक न्हाई.”

भाकरी फुगली. भाभींनी ती काढून टोपलीत टाकली आणि पुढचा गोळा घेतला.

*

हंबीरराव सोप्यात झोपाळ्यावर पेपर वाचत होते. नवरा, विश्वजित, कारखान्यातून जेवायला आलेला, तिथंच ताट घेऊन बसलेला. अनुजानं पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

“आबा, खोल्या बिल्डरला दिल्या?”

“दिल्या.” त्यांनी पेपर खाली ठेवला. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांच्या तोंडावर अजिबात नव्हतं. “तुला प्रचाराच्या धांदलीत कशाला त्रास, म्हणून बोललो न्हाई.”

“मी गावभर खोल्यांचं भाडं कमी करा म्हणून ओरडत फिरतेय, आणि आपण आपल्या दारातली माणसं उठवतोय?”

“उठवतोय म्हणू नको. पैसे दिलेत. कायद्यानं द्यायचे असतात तिथंबी लोक दमडी देत न्हाईत, मी लाख दिले.” ते शांतपणे बोलत होते. “चाळीस वरसं आठशे-हजार भाड्यावर माणसं ठेवली. घरफाळा कुणाच्या नावावर येतो? माझ्या. कौलं कोण शाकारतं? मी. घरफाळा परवडत न्हाई म्हणून मोर्चा तूच काढलास न्हवं? मलाबी परवडत न्हाई.”

अनुजाला राग आला, तो त्यांच्या बोलण्याचा नव्हे. त्यातलं निम्मं खरं होतं याचा. ते निम्मं खोडून काढायला तिच्याकडं आत्ता शब्द नव्हते. कोर्टात असती तर तारीख मागितली असती.

“तो व्यवहार थांबवा.”

हंबीररावांनी विश्वजितकडं पाहिलं. विश्वजित ताटाकडं बघत होता.

“सांग की तिला,” आबा म्हणाले.

“थांबवता येणार नाही,” विश्वजित हळू म्हणाला. “बिल्डरकडनं इसाराचे पैसे घेतलेत. त्यातनं खोल्यावाल्यांना दिले. राहिले ते संपले.”

“कुठं संपले?”

“चार जीप, दोन रिक्षा, भोंगे. ऑफिसचा मांडव. पत्रकं.” त्यानं ताट बाजूला सारलं. “तुला उभं राहायचं होतं, अनुजा. मी नको म्हटलं नाही. पण पैसे कुठनं येतायत, हे अकरा दिवसांत तू एकदाही विचारलं नाहीस.”

“तू म्हणालास, कारखान्यातनं काढतो.”

“कारखान्यात काय आहे? दोन लेथ बंद आहेत. तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. बंद लेथ तिनं पाहिल्या होत्या. विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर जिपा मिळाल्या नसत्या. हे आत्ता, सोप्यात चपला घालून उभी असताना, तिला पहिल्यांदा नीट कळलं. आणि कळल्यावर ओरडायला समोर कुणीच उरलं नाही.

“जिपा आजपासून बंद,” ती म्हणाली.

“महिन्याचं भाडं दिलंय. परत मिळत नाही.”

“तरी बंद.”

*

संध्याकाळी आघाडीचे शशिधर मास्तर आले. शिक्षक संघटनेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस; जिपा गायब झाल्याचं कळताच रिक्षा करून धावत आले होते. अनुजानं त्यांना सगळं सांगितलं आणि उद्याच्या कोपरा सभेत मी हे स्वतः बोलणार आहे, असंही सांगितलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. “आठ दिवस राहिलेत. आठ दिवस गप्प बसायला काय जातंय?”

“रुद्रय्यांना माहीत आहे. उद्या पेठेला कळेल.”

“पेठेला कळू दे. पेठेत प्रत्येकाच्या घरात असलं काहीतरी हाय, कोण बोलत न्हाई. तुम्ही तोंडानं बोललात की ती बातमी हुईल. बाकीचे उमेदवार हायत, त्यांचाबी विचार करा.”

“मग मी माइकवर काय बोलू, मास्तर? परवडणारं कोल्हापूर?”

“तेच बोला. ते खोटं हाय का?”

खोटं नव्हतंच. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला दीडशेएक माणसं जमली. थंडी होती, बायका पदर कानांवरून घेऊन बसल्या होत्या. अनुजानं पाणीपट्टी आणि घरफाळा झटपट उरकला आणि मग सांगितलं. आमच्या घरानं मागच्या सात खोल्या बिल्डरला दिल्या आहेत. माझ्या प्रचाराचा पैसा त्यातून आला. मला माहीत नव्हतं, पण मी विचारायला हवं होतं. जिपा मी सोडल्या आहेत. निवडून आले तर शहरातल्या भाडेकरूंसाठी पालिकेचा कायदेशीर मदत कक्ष सुरू करायला लावीन, कारण सही व्हायच्या आधी सांगणारं कुणी असेल तर माणूस रस्त्यावर येत नाही. बोलताना तिचा आवाज दोनदा फाटला. मनात तिनं या भाषणाची रात्रभर उजळणी केली होती आणि शेवटी काय होईल याचं एक चित्रही रंगवलं होतं. कुणी शिव्या देईल, कुणी टाळ्या वाजवेल.

दोन्ही झालं नाही. मग पुढं बसलेल्या धोंडुबाईंनी हात वर केला. सत्तरीच्या बाई, गल्लीतल्या प्रत्येक सभेला हजर.

“ते तुमच्या घरातलं झालं, बाई. आमच्या गल्लीतलं गटार कवा उपसनार, ते सांगा.”

लोक हसले. अनुजाला हसू आलं नाही. तिनं गटाराचं उत्तर दिलं. मग दिव्याचं दिलं, मग भटक्या कुत्र्यांचं. खोल्यांबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही.

विचारलं ते विरोधकांनी. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांच्या रिक्षा पेठेतून फिरायला लागल्या. भोंग्यावर तिचाच आवाज: ‘माझ्या प्रचाराचा पैसा त्यातून आला.’ पुढचं मागचं कापलेलं. तेवढंच वाक्य, मग हलगी, मग परत तेवढंच वाक्य. उरलेले सहा दिवस ती स्वतःचा आवाज ऐकत पायी फिरली. टाचांना भेगा पडल्या. दारात उभं राहून खुलासा करायला लागली की लोक म्हणत, असू दे हो ताई, सगळेच घेतात. तिला हेच सगळ्यात जास्त टोचायचं. तिला माफी नको होती आणि सगळ्यांसारखंही व्हायचं नव्हतं. पण दारं तिच्यासाठी एवढीच दोन उघडी होती.

भाभी शेवटपर्यंत फिरल्या. त्यांना थांबवायचा तिनं एकदा प्रयत्न केला.

“मी तुमच्यासाठी फिरत न्हाई,” भाभी म्हणाल्या. “पाणीपट्टीसाठी फिरतोय. तुमी आपलं काम करा.”

*

अनुजा एकशे बेचाळीस मतांनी निवडून आली. गुलाल पडला, आबांनी दारात पेढे वाटले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले. तेही खोटं नव्हतं. आघाडीचे मात्र तिच्यासकट सहाच जण आले. महापौरपदाचा अर्ज तरीही भरायचा, असं तिनं हट्टानं ठरवून घेतलं. सभागृहात हात वर करायला सांगितलं तेव्हा सहा हात वर झाले. मोजायला वेळ लागला नाही. नव्या महापौरांनी भाषणात परवडणाऱ्या शहराचा दोनदा उल्लेख केला. शब्द पत्रकातून उचललेले होते.

पहिल्या सर्वसाधारण सभेत तिनं भाडेकरूंच्या मदत कक्षाचा ठराव मांडला. तो पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेत अभ्यास समिती नेमली. समितीत ती नव्हती.

खोल्या ठरल्या दिवशी रिकाम्या झाल्या आणि दोन दिवसांत जमीनदोस्त झाल्या. त्या दोन दिवसांत अनुजा मुद्दाम घरात थांबली. खिडकी लावून घ्यावी, असं सासूबाई म्हणाल्या. तिनं लावली नाही. धुरळा स्वयंपाकघरातल्या ताटांवर येऊन बसला. विश्वजितनं जेवताना ताट पुसलं, तिच्याकडं सरकवलं, आणि दोघं जेवले. त्यांच्यात भांडण असं झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये ती उचगावला गेली. भाभींना तिथं दीड खोली मिळाली होती. भाडं जुन्या खोलीच्या तिप्पट, पण शहरातल्या आताच्या भाड्यापेक्षा निम्मं. चाळीस डब्यांतले सव्वीस राहिले होते. डबे घेऊन रिक्षानं शहरात यायचं तर निम्मी कमाई रिक्षालाच जायची, म्हणून भाभी पिशव्या घेऊन बसनं येत होत्या.

“हे आता तुमच्या वॉर्डात येत न्हाई,” भाभी चहा गाळत म्हणाल्या. “हितं ग्रामपंचायत हाय. मतासाठी आला असला तर फुकट हेलपाटा.”

“मतासाठी नाही आले.”

“मग?”

काय सांगावं, हे तिला खरंच माहीत नव्हतं. माफी मागायला आले, म्हटलं असतं तर भाभींनी ती चहाबरोबर संपवून टाकली असती. तिनं पर्समधून कागद काढला. केएमटीच्या, महापालिकेच्या बससेवेच्या, व्यवस्थापकांना लिहिलेला अर्ज होता, या बाजूला सकाळची एक जादा बस सोडावी म्हणून. नगरसेविका या नात्यानं तिची सही खाली होती. सही बघून या दोन महिन्यांत कुठलंच काम झालं नव्हतं. हेही होईलच, असं ती म्हणाली नाही.

“वाचा,” भाभी म्हणाल्या.

तिनं वाचून दाखवला. सकाळी सहा चाळीसची बस, अशी मागणी होती.

“सहा चाळीसची काय करायची? साडेसहाला पोरं क्लासात जाऊन बसत्यात. सहाची पायजे. न्हाईतर पावणेसहाची.”

“पावणेसहाची देणार नाहीत ते.”

“ते सहा चाळीसचीबी देणार न्हाईत,” भाभी म्हणाल्या. “मागायचीच हाय तर उपेगाची मागा की.”

अनुजानं पेन काढलं. ‘सहा चाळीस’वर काट मारली, वर ‘पाच पंचेचाळीस’ लिहिलं आणि काटाकाटीच्या कडेला परत सही केली.