डाहीची दोणी

आणंदजवळच्या आमच्या गावात म्हातारे भरपूर आणि कुलपं त्याहून भरपूर. तंबाखूच्या शेतीवर मोठी झालेली पोरं इंग्लंड-अमेरिकेत गेली आणि आम्ही ओट्यावर बसून राहिलो. सकाळी चहा, दुपारी छाश म्हणजे ताक, संध्याकाळी खिचडी-कढी, आणि मधल्या वेळात कोण कशाने गेलं याची चर्चा. माझ्यासोबत या कामाला उमेदभाई. आम्ही एकाच वर्गात नापास झालो, तेव्हापासूनची दोस्ती.

उमेदचा मुलगा जयेश त्याच्याच घरात राहतो. तरी उमेदला माझा हेवा वाटे. म्हणायचा, "रावजी, तुझा विपिन लांब आहे म्हणून गोड आहे. माझा जवळ आहे, रोज दोन गोष्टी ऐकवतो." मी म्हणायचो, "ऐकवतो तरी! इथे भिंती पण बोलत नाहीत."

विपिन आमचा एकुलता एक, लेस्टरला असतो. नऊ वर्षं आला नव्हता. दर रविवारी फोन मात्र न चुकता. आईला आमच्याकडे बा म्हणतात. कशी आहे बा, कसे आहात बापूजी, औषधं घेता ना, चला ठेवतो. माझी बायको डाही तेवढ्या चार वाक्यांवर आठवडा काढायची.

डाहीला मरणाची भीती नव्हती. तिचं मागणं एकच. अंत्ययात्रेत पुढे चालणारा मुलगा हातात अग्नीचं मडकं धरतो, त्याला आमच्याकडे दोणी म्हणतात. "दोणी विपिनच्या हातात असली पाहिजे," ती म्हणायची. "मग मला तुम्ही उकिरड्यावर जाळा, चालेल." तिची सासू गेली तेव्हा मी दोणी धरली होती, सासरे गेले तेव्हाही मीच. तिने ते दारातून पाहिलं होतं आणि मनात पक्कं करून ठेवलं होतं.

तिचं हृदय कमजोर झाल्याचं डॉक्टरने सांगितलं, तेव्हा मी विपिनला बोलावलं. रजा नाही, म्हणाला. पुढच्या वर्षी बघू. तेव्हा उमेदने डोकं चालवलं.

"रावजी, जीवतं जगतियं कर."

म्हणजे जिवंतपणीच आपलं बारावं-तेरावं उरकून घ्यायचं. पिंड द्यायचे, ब्राह्मणाला खाट-गादी द्यायची, गावाला लाडू-दाळ-भात घालायचा. आमच्यात पुष्कळ जण करतात. एकदा ते झालं की माणूस खरोखर मेल्यावर मागच्यांना काही करावं लागत नाही.

"लग्नाला रजा मिळत नाही," उमेद म्हणाला, "पण आईबापाच्या जगतियाला मुलगा नसला तर समाजात तोंड दाखवायची सोय राहत नाही. झक मारत येईल."

डाहीने एवढंच विचारलं, "पण येईल ना नक्की?"

आला. बायको, दोन मुलं आणि पाच बॅगा घेऊन डिसेंबरात नऊ दिवसांसाठी आला. डाहीचे गुडघे कधी दुखत होते हेच कळेना. बाजरीचे रोटले, लसणाची चटणी, गूळ-तूप. पंचेचाळीस वर्षांच्या घोड्याला समोर बसवून ती घास मोजत होती. नातवंडं छाशेचा वास घेऊन तोंड वाकडं करायची, त्याचंही तिला कौतुक.

जगतियाचा दिवस उजाडला. चौकात मांडव, पाचशे पानं. ब्राह्मणाला खाट दिली, तिच्यावर गादी, छत्री, तांब्या, चपलांचे दोन जोड. डाही म्हणाली, "महाराज, माझ्या चपला राहू द्या. हे गुडघे इथे चालत नाहीत, वर काय चालणार!" सगळा मांडव हसला. बायकांनी आमच्या नावाने मरसिये, म्हणजे मेलेल्याची रडगाणी, गायला घेतली, तर ही त्यांच्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "जरा जोरात रडा गं, मला ऐकू येत नाही." उमेदने माझ्या पाठीवर थाप मारली. "रावजी, सगळं उरकलं बघ. आता फक्त मरायचं तेवढं राहिलं!" मीही हसलो. तो माझ्या आयुष्यातला शेवटचा चांगला तास.

हात धुवायला मी मागे गेलो. विपिन तिथे बायकोशी बोलत होता. "एवढा खर्च, एवढी रजा," तो म्हणत होता, "आणि खरोखरचं होईल तेव्हा पुन्हा धावत यायचंच आहे." त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. थकलेला माणूस बोलतो तसं बोलला होता. आज मला ते कळतं. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मांडवात आलो, पंगतीच्या मधोमध उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "पंच मंडळी, आज आम्हा दोघांचं सगळं पार पडलं. आमच्या मागे विपिनने काही करायचं नाही. यायचंही नाही. आजपासून तो मोकळा."

लोक वाहवा करू लागले. असा बाप पाहिला नाही, म्हणाले. विपिन माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने वाकून माझे पाय धरले. मला वाटलं, जिंकलो. डाही पंगतीच्या टोकाला लाडवाचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

विपिन गेल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी छाश घुसळताना म्हणाली, "तुमचं तुम्ही काय ते सोडा. दोघांचं का बोललात? मला विचारलं होतंत?"

"बोलून गेलो."

"मग परत घ्या. फोन करा आणि सांगा, बासाठी यायचं म्हणून."

"पाचशे माणसांसमोर बोललोय. थुंकलेलं चाटू?"

"माझ्यासाठी चाटा," ती म्हणाली.

बावन्न वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी मी आणीन ती, भाजी मी आणीन ती. हे एक मागितलं. मी म्हटलं, बरं, रविवारी सांगतो.

रविवार आला. विपिनने विचारलं, "कसे आहात बापूजी?" मी म्हटलं, "मजेत." तोंडापर्यंत आलं होतं. मग मी विचारलं, "तिकडे थंडी फार आहे का?" पुढच्या रविवारी पावसाचं विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच्या मोटारीचं. दर वेळी डाही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, फोन ठेवला की माझ्याकडे बघायची, आणि मी म्हणायचो, "घाईत होता. पुढच्या वेळी." असे चार महिने गेले.

वैशाखात तिच्या छातीत पाणी झालं. आणंदच्या डॉक्टरने तपासलं आणि घरी न्या म्हणाला. घरी न्या म्हणजे काय, ते आमच्या वयाला विचारावं लागत नाही. उमेद माझ्यावर ओरडला. "गाढवा, अजून सांगितलं नाहीस? आत्ताच्या आत्ता कर फोन!" मी केला. विपिन कामावर होता, आवाजात घाई होती. "सगळं ठीक ना बापूजी?" त्याने विचारलं. आणि मी, रावजीभाई शंकरभाई, पंचांसमोर शब्द दिलेला माणूस, म्हणालो, "ठीक आहे. बाला जरा खोकला आहे."

खोलीत आलो. डाहीने डोळे उघडले. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"येतोय?"

"निघाला. विमानात बसला."

ती हसली. किती दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. मग हळूहळू, श्वास घेत घेत बोलली, "विमानात कसलं कसलं देतात. पोटात काही नसेल त्याच्या. उमेदभाईंच्या सुनेला सांगा, दोन रोटले करून ठेव म्हणावं. लसणाची चटणी पण." मी सांगितलं. त्या सुनेने, कोकिळाने, रोटले केले आणि फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले. डाहीने डबा उशाशी ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती गेली, तेव्हा तिचं तोंड दाराकडे होतं.

मग मी फोन केला. आता सांगायला काहीच अडचण नव्हती.

विपिन लहान मुलासारखा रडला. "खोकला म्हणालात ना बापूजी! मी कालच निघालो असतो!" रडू आवरून तो म्हणाला, "आज निघालो तरी परवा पोहोचेन. या उन्हात बाला किती ठेवाल? नका थांबू." आणि मग म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, यायचं नाही. मला वाटलं, मी मागे बोललो ते तुम्ही ऐकलं. तुम्हाला मी नकोच आहे. म्हणून येऊ का, असं मी आपणहून कधी विचारलं नाही."

दोणी मी धरली. स्मशान गावापासून पाव कोस. उमेद माझा दंड धरून चालत होता आणि त्याचा जयेश फोन उंच धरून, विपिनला दिसावं म्हणून. मध्ये तिरडी विसाव्याला टेकवतात, तिथे मी थांबलो आणि फोनकडे बघितलं. त्यात विपिन उभा होता, डोक्यावर रुमाल बांधून. त्याने दोन्ही हात पुढे धरले होते. रिकामे. दोणी धरल्यासारखे. मला पुढे पाऊल टाकवेना. उमेद म्हणाला, "चल, रावजी. विस्तव विझेल."

तेरावं नव्हतं, बारावं नव्हतं. ते सगळं डिसेंबरातच झालेलं. चौथ्या दिवशी येणारे-जाणारे थांबले. डब्यातले रोटले दगडासारखे झाले होते, ते गाईनेही हुंगून सोडले.

रविवारी विपिनचा फोन आला. मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी सांगायचंच. डाहीसाठी चाटलं नाही, निदान आता तरी. "विपिन," मी म्हटलं, "मी तेव्हा जे बोललो ना..."

"त्याची काळजी करू नका बापूजी," तो घाईघाईने म्हणाला. तो मला धीर देत होता, आवाजात माया होती. "बाच्या वेळी यायचं बोललो ते चुकलं, पण तुमच्या वेळी मी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही, येणार नाही. तुमचंही सगळं त्याच दिवशी उरकलंय. तुम्ही मनावर कसलं ओझं ठेवू नका."

मी म्हटलं, "बरं. औषधं घेतोय. ठेव."

बाहेर ओट्यावर उमेद बसला होता. त्याने माझं तोंड पाहिलं. "सांगितलंस?"

मी त्याच्या शेजारी बसलो. समोरच्या तिन्ही घरांना कुलपं. "उमेद," मी म्हटलं, "माझी दोणी तू धरशील?"

त्याने हात पुढे करून दाखवले. दोन्ही थरथरत होते.