सुया सोसलेला हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दचकू नका. माझ्यामागे माणूस नाही. दंडापासून बोटांपर्यंत मी निव्वळ रबराचा आहे.

एका कारखान्यात मला साच्यातून काढले, माझ्या कातडीखाली रबरी नळ्या बसवल्या आणि एका कामगार बाईने माझी नखे रंगवली. करंगळीचे नख रंगवायच्या आत जेवणाची सुट्टी झाली, ते तसेच राहिले. मग मी एका रुग्णालयात आलो. डायलिसिसच्या वॉर्डाला लागून एक शिकवणीची खोली होती. तिथल्या टेबलावर माझा मुक्काम पडला.

त्या खोलीवर मोठ्या सिस्टरांचे राज्य होते. दर वेळी नव्या नर्स आल्या की त्या माझ्यावर हात ठेवून सांगत, “ज्यांची मूत्रपिंडं थकतात, त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून गाळून घ्यावं लागतं. त्यासाठी सर्जन हातातली धमनी शिरेला जोडतात. शीर फुगते, जाड होते. तिला म्हणतात फिस्टुला. दर वेळी तिच्यात दोन जाड सुया घालायच्या. ती बिघडली, तर माणसाचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आधी याला टोचा.”

आणि सगळ्या मला टोचत. माझ्या नळ्यांत लाल पाणी भरलेले असे. सुई नीट बसली की पाणी सुईत चढे, आणि टोचणारीचा चेहरा असा उजळे, की मलाच धन्य वाटे.

त्यांच्यात एक अगदी लहानखुरी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. तिचा हात माझ्यावर चटकन बसला. मोठ्या सिस्टर सहसा कुणाचे कौतुक करीत नसत, पण त्याही म्हणाल्या, “हिच्या बोटांना डोळे आहेत.”

आणि वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात घात झाला. चिमणी रडत खोलीत शिरली.

“सिस्टर, सुई शिरेच्या आरपार गेली. पंक्चरकाकांचा हात काळानिळा पडला. ओरडलेसुद्धा नाहीत ते. ‘असू दे पोरी’ म्हणाले. मला नाही जमणार हे. मला औषधांच्या खोलीत बदली द्या.”

“देते की,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “औषधं खूश होतील. काकांचं काय?”

नाक पुसून चिमणी माझ्यासमोर बसली आणि पुन्हा पुन्हा टोचत राहिली.

पंक्चरकाकांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दोन दिवसांनी डायलिसिसला येताना ते या खोलीत डोकावले. सूज उतरत आली होती. चिमणीने मान खाली घातली. काकांचे लक्ष मात्र माझ्याकडे गेले. माझ्यातून थेंब थेंब लाल पाणी टेबलावर गळत होते.

“अरेरे, हा तर माझ्यापेक्षा वाईट आहे! उद्या दुकानातून सामान आणतो.”

आणि खरेच ते घासपेपर, सोल्यूशन आणि रबराची ठिगळे घेऊन आले. माझी नळी बाहेर काढून त्यांनी पाण्यात बुडवली. एकाच जागेवरून बुडबुडेच बुडबुडे निघाले.

“सगळी भोकं इथेच?” काका म्हणाले. “अशी ट्यूब मी गिऱ्हाइकाला परत देतो, बाबा. एकाच जागी किती ठिगळं लावायची? तिथलं रबर बघ, कागदासारखं झालंय.”

खरे होते ते. माझ्या कोपराखाली एक सोपी जागा होती. जी ती तिथेच टोचे. मलाही त्याची सवय झाली होती.

चिमणी नळीकडे बघत होती. मग तिची नजर काकांच्या हाताकडे गेली. त्यांच्या कोपराखाली मोठ्या बोराएवढा फुगवटा होता आणि त्यावरची कातडी ताणून चकचकीत झाली होती.

“काका, तुम्हालाही दर वेळी इथेच टोचतात?”

“हो. तिथं आता दुखतच नाही. मीच सांगतो ना, इथेच टोचा म्हणून.”

चिमणी धावत जाऊन मोठ्या सिस्टरांना घेऊन आली. त्यांनी सर्जनना बोलावले. सर्जन बराच वेळ तो फुगवटा चाचपत राहिले.

“या जागेला यापुढे कुणीही सुई लावायची नाही,” ते म्हणाले. “आणखी पातळ झाली असती, तर फुटली असती. रक्त थांबवायला कुणाच्या बापाला जमलं नसतं. कोणी पाहिलं हे?”

काकांनी बोटाने चिमणीकडे दाखवले.

आता नव्या जागी टोचणे आले. तिथे दुखणारही होते. मोठ्या सिस्टर पुढे सरसावल्या, तर काका म्हणाले, “तुम्ही नको. हिलाच टोचू द्या.”

“काका, पुन्हा आरपार गेली तर?” चिमणी म्हणाली.

“गेली तर गेली. आधी बोट ठेव इथं. डोळे मीट. काय लागतं?”

“मांजर गुरगुरल्यासारखं.”

“ते माझं रक्त. ते कुठून कुठं जातं ते नीट बघून घे, मग टोच. मी कुठे पळून जात नाही.”

ती त्यांना वॉर्डात घेऊन गेली. मी टेबलावर नुसता ताटकळत होतो. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून काकांचे “आई गं!” ऐकू आले, आणि पाठोपाठ हसणे. सुई बसली होती.

त्या दिवसापासून चिमणीने प्रत्येक रुग्णाच्या हाताचे चित्र काढून वॉर्डात लावले. आज सुई कुठे घातली, पुढच्या खेपेला कुठे घालायची, त्यावर खूण करायची. सुरुवातीला काही जणी कुरकुरल्या, मग सवय झाली.

वर्षे गेली. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. दिवे लागणारा, चूक झाली की टुंई करणारा नवा हात आला आणि माझी रवानगी कपाटात झाली, जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याखाली. खोटे कशाला सांगू, मला फार वाईट वाटले. पलीकडे नव्या मुलींचे आवाज येत, आणि माझ्या बोटांवर धूळ साचत राही.

पण एके दिवशी कपाट उघडले. शिकवणीची खोली आता चिमणीकडे आली होती. तिने मला पुसून नव्या हाताशेजारी ठेवले. “याला टोचायचं नाही,” तिने मुलींना सांगितले. “कोपराखाली फक्त बोट फिरवा. एकाच जागी टोचत राहिलं की काय होतं, ते याला विचारा.”

तेव्हापासून मी पुन्हा शिकवतो. पंक्चरकाका अजून येतात. त्यांचा फिस्टुला चांगला चालू आहे, आणि तो फुगवटा ते नव्या मुलींना स्वतःच दाखवतात.

परवा एक बाई आल्या. त्यांच्या हातात फिस्टुला झाला होता, डायलिसिस सुरू व्हायचे होते. त्यांच्या मुलीने माझी बोटे हातात घेऊन चिमणीला विचारले, “याला दुखतं का?”

“नाही गं. म्हणून सगळ्या चुका अशा रबरी हातांवर करून संपवायच्या. तुझ्या आईपाशी जाताना एकही शिल्लक ठेवायची नाही.”

मुलीने थोडा विचार केला आणि आईच्या हाताला कान लावला. “आई, तुझा हात गुणगुणतोय!” ती म्हणाली. बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या असाव्यात.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी असा गुणगुणणारा हात असेल, तर त्याला जपा. त्या हातात जड पिशवी देऊ नका, त्यावर घट्ट घड्याळ नको, रक्तदाब दुसऱ्या हातावर मोजायला सांगा. आणि रोज सकाळी त्याला कान लावा. गुणगुण ऐकू आली नाही, तर फिस्टुला बंद पडला असेल; शाळा बुडाली तरी चालेल, पण आधी डॉक्टरांकडे न्या.