घरपोच अभय

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बोरदऱ्याच्या विहिरीतली मोटार बंद पडली आणि शाळेच्या अंगणात पन्नास मुलंमुली रिकाम्या बादल्या घेऊन बसून राहिली.

शिबिर तस्नीम आतारच्या अंगावर होतं. ती जामखेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम यंदा तिच्याकडे आलं होतं. सात दिवस गावात राहायचं, सकाळी श्रमदान करायचं, दुपारी एखादं व्याख्यान ठेवायचं. येताना तिनं आपल्या पीएचडीच्या प्रबंधाचे कागदही पिशवीत टाकले होते. एका राज्यानं दुसऱ्या राज्याशी कसं वागावं, युद्धात काय करावं, तह कसा पाळावा, शत्रूचा माणूस आपल्या हद्दीत आला तर त्याचं काय करायचं, याबद्दल जुन्या इस्लामी कायदेपंडितांनी काय लिहून ठेवलंय, हा तिचा विषय. तीन दिवसांत एक ओळ झाली नव्हती.

स्वयंपाक गावातल्या बचत गटाकडे होता आणि बचत गट म्हणजे गोजरबाई. साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांची पिठाची गिरणी होती. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं.

"जामखेडचा मिस्त्री परवा येतो म्हणाला," तस्नीम त्यांना म्हणाली. "आणि तुमच्या गावातला?"

"त्यो बायकापोरं घिऊन शिर्डीला गेलाय." आक्कांनी पदराला हात पुसले आणि मोबाईल काढला. "दोन कोसावर एक मानूस हाय. पर त्याला गावात यायला बंदी हाय."

"बंदी म्हणजे?"

तेव्हा तस्नीमला सगळी हकिगत कळली. दोन वर्षांपूर्वी बोरदऱ्याच्या यात्रेत शेवटच्या कुस्तीला पंच होता ओढ्यापलीकडच्या धोंडमाळ गावचा कानिफनाथ. त्यानं बोरदऱ्याचा पैलवान चीतपट झाल्याचा निकाल दिला. बोरदऱ्याचं म्हणणं, पाठ टेकलीच नव्हती. खुर्च्या फेकल्या गेल्या, एका ढोलाचं कातडं फाटलं. दुसऱ्या दिवशी गावकीनं ठराव केला, की धोंडमाळचा माणूस बोरदऱ्यात पाय ठेवणार नाही आणि कानिफनाथ तर अजिबातच नाही. चार दिवसांनी धोंडमाळनंही तसाच ठराव केला. हा कानिफनाथ मोटारींचा मिस्त्री होता. आक्कांच्या गिरणीची मोटार पंधरा वर्षं त्यानंच सांभाळली होती.

आक्कांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आक्का, येतो की," पलीकडून कानिफनाथ म्हणाला. "पर माझं पाय कोन भरून देनार? जळकी मोटार तारा गुंडाळून भरता येती, पाय न्हाई येत."

"माझ्या शब्दावर ये. तुझ्या केसाला धक्का लागला तर मला सांग."

"केसाला लागल्यावर सांगून काय उपेग?"

पण तो आला. मोटारसायकलचा आवाज नको म्हणून ओढ्यातनं चालत आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी, डोक्यावर मफलर. विहिरीवर तीन वाशांचं तिकाटणं लावून, चेनपुली बांधून त्यानं दहा पोरांच्या मदतीनं मोटार वर ओढायला घेतली. मोटार निम्म्यात आली आणि तेवढ्यात रामहरी आप्पा आले.

रामहरी आप्पा हे यात्रा कमिटीचे अध्यक्ष, तालमीचे वस्ताद आणि गोजरआक्कांचे धाकटे भाऊ. पाठीमागं कमिटीचे सात-आठ जण. आप्पा भांडखोर नव्हते, पण ठराव म्हणजे ठराव असा त्यांचा स्वभाव होता.

"काम थांबव," ते कानिफनाथाला म्हणाले.

कानिफनाथानं साखळी घट्ट धरली. "आप्पा, थांबवतो. पर सोडली तर मोटार खाली जाईल. धरून उभा ऱ्हातो."

"त्याला म्या बोलावलंय," आक्का म्हणाल्या. "माझा शब्द हाय त्याला."

"आक्का, तुझा शब्द एकटीचा. ठराव सगळ्या गावाचा."

"मग म्या गावातली न्हाई का? मला गावातच दिली, त्या टायमाला तुला शेंबूड पुसता येत नव्हता."

पोरं हसली. आप्पांना राग आला तो पोरांचा, पण ते वळले तस्नीमकडे. "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. एका बाईनं शब्द दिला म्हनून सगळ्या गावानं बांधून घ्यायचं, आसा कुठं कायदा हाय का?"

तस्नीमला उत्तर ठाऊक होतं. कायदा होता. त्यावर तिच्या प्रबंधात अख्खं प्रकरण होतं. पण पाहुण्या गावात, विहिरीवर, हे बोलावं की नाही? ती या गावात कॉलेजची मॅडम म्हणून आली होती. आतारांची तस्नीम म्हणून आपण काही सांगायला लागलो तर कोण कसं घेईल, हे तिला कळेना. साखळीला लटकलेली मोटार हळूहळू गोल फिरत होती. कानिफनाथाच्या कपाळावर घाम होता.

"आहे," ती म्हणाली. "म्हणजे आपल्या देशाचा नाही. मी ज्याचा अभ्यास करते त्या इस्लामी कायद्यात आहे. राज्याराज्यांच्या वागणुकीचा कायदा, बाराशे वर्षांपूर्वीचा. शत्रूच्या मुलखातला माणूस आला आणि आपल्यातल्या कुणीही त्याला अभय दिलं, तर ते सगळ्यांवर बंधनकारक. त्याला अमान म्हणतात."

"कुनीबी म्हंजे? सरदार, सुभेदार?"

"कुणीही. बाईनं दिलं तरी." आणि तिनं त्यांना उम्मे हानींची गोष्ट सांगितली. पैगंबरांनी मक्का जिंकली त्या दिवशी या बाईंनी सासरकडच्या दोन माणसांना घरात आसरा दिला. ती माणसं विरुद्ध बाजूनं लढलेली. बाईंचे सख्खे भाऊ, अली, तलवार घेऊन दारात आले. बाईंनी दार लावून घेतलं आणि थेट पैगंबरांकडे गेल्या. पैगंबर म्हणाले, "उम्मे हानी, तू ज्याला अभय दिलंस, त्याला आम्हीही दिलं."

आक्का दोन पावलं पुढं आल्या.

"सख्खा भाऊ हुता?" आक्कांनी विचारलं.

"सख्खा."

आक्कांनी रामहरी आप्पांकडे नुसतं बघितलं.

आप्पा मात्र सहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "मॅडम, गोष्ट चांगली हाय. पर मला सांगा, परतेकानं आसं अभय वाटाय सुरुवात केली तर गावकीला काय अर्थ ऱ्हायला? उद्या कुनी चोराला दील."

तस्नीमला एकदम मजा वाटली. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यावर तिच्या गाईडनं नेमका हाच शेरा मारला होता. "आप्पा, तुमचा प्रश्न त्या पंडितांनाही पडला होता. काही जण म्हणत, बाईनं दिलेल्या अभयाला राज्यप्रमुखाची मंजुरी हवी. बहुतेकांनी ते मानलं नाही. पण एक सगळ्यांनी मानलं. अभयानं गावाला धोका होत असेल तर प्रमुखाला ते रद्द करता येतं."

"आं, ह्ये बोला." आप्पा खूश झाले. "मग म्या रद्द करतो."

"करा ना. पण रद्द करायची रीत आहे. आधी त्याला तसं सांगायचं. आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी सुखरूप नेऊन पोचवायचं. तोवर त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. ती जबाबदारी रद्द करणाऱ्याची."

"म्हंजे माझी?"

"प्रमुख तुम्ही ना?"

कमिटीतला एक जण मागून म्हणाला, "आप्पा, आमी न्हाई बरं का धोंडमाळात येनार."

आप्पांनी विहिरीत डोकावलं, मोटारीकडे पाहिलं, पोरांच्या बादल्यांकडे पाहिलं. मग घड्याळ पाहून म्हणाले, "ऐका. आक्काचा शब्द म्या मोडला आसं कुनी म्हनायचं न्हाई. ह्ये अभय बारा वाजेपत्तूर. बारा वाजता कमिटीच्या वतीनं रद्द. कानिफ्या, कळलं का?"

"कळलं. आता वढू का?"

बिघाड मोठा निघाला नाही. केबलचा जॉइंट जळाला होता. कानिफनाथानं जुना कापला, नवा बांधला, रबराची पट्टी गुंडाळली आणि साडेअकराला मोटार परत पाण्यात सोडली. बटण दाबल्यावर पाइपनं दोनदा खोकून पाणी ओतलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. कमिटीतल्या दोघांनी पण वाजवल्या आणि आप्पांकडे बघून हात खाली घेतले.

बाराला पाच कमी असताना आप्पांनी मोटारसायकल काढली. "बस मागं," ते म्हणाले. कानिफनाथ हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला. आक्का तस्नीमच्या स्कूटीवर बसल्या. "म्या बघनार, ह्यो नीट पोचवतो का न्हाई."

ओढ्यापाशी आप्पांनी गाडी थांबवली. "ही शीव. उतर. झालं माझं काम."

"आप्पा," मागून तस्नीम म्हणाली, "सुरक्षित जागा म्हणजे शीव नव्हे. घर."

"तसं लिवलंय?"

"तसंच लिहिलंय."

आप्पांनी पुन्हा किक मारली. गाडी सुरू व्हायला चार किका लागल्या, हे कानिफनाथानं दुरुस्तीवाल्याच्या नजरेनं पाहिलं.

धोंडमाळच्या चौकात लिंबाखाली बसलेली माणसं गाडी दिसताच उठून उभी राहिली. बोरदऱ्याचा वस्ताद, मागं आपला कानिफनाथ, त्यामागं स्कूटीवर दोन बायका. काय समजावं ते कुणाला कळेना. दोघातिघांनी रस्ता अडवला. "आप्पा, ठराव म्हाईत हाय न्हवं? हिकडं यायचं काम न्हाई."

आप्पांचा चेहरा उतरला. आपण इथं बिनअभयाचे आलोय, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं असावं.

तेवढ्यात समोरच्या घरातनं एक ठेंगणी म्हातारी सूप हातात घेऊन बाहेर आली. कानिफनाथाची आई, रंगुबाई. तिनं लेकाला खालीवर पाहिलं, हात चाचपले, मग आप्पांकडे वळली.

"तू आनून सोडलास?"

"व्हय, मावशी."

"घरापत्तूर?"

"व्हय."

रंगुबाई रस्ता अडवणाऱ्यांकडे वळली. "माझं लेकरू ह्यानं घरपोच आनलंय. ह्यो आता माझा पावना हाय. कुनी हात लावून बघा, सुपानं हानीन."

स्कूटीवरून तस्नीमला हसू आवरेना. "आक्का, झालं की हो. इथंही एका बाईनं दिलं."

"काय दिलं?" रस्त्यातल्या एकानं विचारलं, आणि मग लिंबाखाली तस्नीमला सगळी गोष्ट परत सांगावी लागली. या वेळी अधूनमधून आप्पाच तिला दुरुस्त करत होते. "न्हाई न्हाई, आधी सांगायचं, मंग पोचवायचं. आशी रीत हाय."

पाहुण्याला उपाशी सोडायचं नाही म्हणून रंगुबाईनं शेतात हुरड्याची आगटी पेटवायला लावली. हुरडा म्हणजे घाई नाही. कणसं भाजायची, गरम असताना हातावर चोळायची, दाणे फुंकून पुढच्याच्या हातावर ओतायचे. कानिफनाथ चोळून देत होता आणि आप्पा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खात होते. बराच वेळ दोघं पावसापाण्याचंच बोलले. मग कानिफनाथच म्हणाला,

"आप्पा, त्या दिवशी म्या ज्या बाजूला हुतो, तिथनं दोन्ही खांदे टेकलेले दिसले. आईशप्पत. तुमच्या बाजूनं दिसले नसतील, त्ये मान्य."

आप्पांनी हातातले दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"माझी बाजू कुठली घिऊन बसलास," ते म्हणाले. "म्या कुस्ती बघितलीच न्हाई. माइकवर बक्षिसं पुकारत हुतो. आखाड्याकडं पाठ करून."

"मग वरडलाव कशाला?"

"सगळी वरडत हुती म्हनून."

कानिफनाथ आधी बघतच राहिला आणि मग असा हसला की हातातलं कणीस आगटीत पडलं. आप्पाही हसले, जरा उशिरा, जरा कमी. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दोन वर्सं माझी गिरनी धा येळा बंद पडली. ह्याच्या पायी."

आप्पा परतले ते चार वाजता. कमिटीची माणसं ओढ्यापाशी काठ्या घेऊन उभी होती. आप्पांना धरून ठेवलं असणार, असं त्यांना वाटत होतं. आप्पांनी प्रत्येकाच्या हातावर मूठभर हुरडा ठेवला आणि गावात निघून गेले.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी ते शाळेत आले. सोबत धोंडमाळचे दोन जण आणि कानिफनाथ. सगळे मुलांच्या बाकांवर अवघडून बसले.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "तुमच्या अभ्यासात तहाचं काय हाय? म्हंजे किती सालाचा करायचा?"

"दहा वर्षांचा एक नावाजलेला तह आहे. त्यात तर पैगंबरांनी समोरच्यांना पटेना म्हणून कागदावरची आपली पदवीही खोडू दिली होती. सोबतच्यांना ते फार लागलं. पण तह टिकला तेवढे दिवस लोकांची जा-ये सुरू राहिली."

"धा वर्सं लई झाली," धोंडमाळचा एक जण म्हणाला. "यात्रेपत्तूर करू. मग बघू."

"आन वर काय लिवायचं? बोरदरा-धोंडमाळ का धोंडमाळ-बोरदरा?" दुसऱ्यानं विचारलं.

यावर अर्धा तास गेला. शेवटी आप्पाच म्हणाले, "तुमचं आधी लिवा. मॅडमनी आत्ताच सांगितलं न्हाई का." तस्नीमनं लिहिलं. तीन कलमं झाली: येणंजाणं खुलं, यात्रेला दोन्ही गावांचे पैलवान, पंच तिसऱ्या गावचा. सह्या झाल्यावर आक्का आत येऊन म्हणाल्या, की बायांची सही कुठाय? मग रंगुबाईसाठी जागा सोडून खाली आक्कांचा अंगठा उमटला, सही येत असूनही, कारण शाईची डबी हातात होती.

चैत्रात यात्रेला तस्नीम मुद्दाम गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आक्का आणि रंगुबाईच्या मध्ये तिला जागा मिळाली. शेवटची कुस्ती बोरदरा आणि धोंडमाळ अशीच लागली. पाऊण तास दोन्ही पैलवान मातीत घुसळत राहिले आणि घोडेगावाहून आणलेल्या पंचानं कुस्ती बरोबरीत सोडवली.

दोन्ही गावांना ते पटलं नाही. रामहरी आप्पा आणि कानिफनाथ एकदमच आखाड्यात उतरले आणि दोन बाजूंनी पंचाच्या कानाशी बोलू लागले. पंच बिचारा भोवती बघत होता.

"मॅडम," आक्का म्हणाल्या, "त्या पंचाला आता कोन अभय देनार?"

रंगुबाई तोवर ट्रॉलीतून उतरायला लागली होती.