वगळलेलं रान

“पाइप मह्या बांधापसून सरळ म्होरं गेला. मह्या रानात कॉक कावून न्हाई?”

दगडाबाई पाणीवाटप संस्थेच्या दारात उभी होती. चेअरमन सुंदरराव खुर्चीतून हललेही नाहीत. “केजच्या हापिसातून यादी आली. तिच्यात तुझं रान न्हाई. आमी काय करावं?”

कोपऱ्यात कॉम्प्युटरमागं उत्तरेश्वरनं मान खाली घातली. केजच्या हापिसाचा यात काडीचा दोष नव्हता. दोष त्याचा होता, त्याच्या एकट्याचा.

यादी ज्यावरून निघाली, तो गावचा नकाशा त्यानंच केला होता. दुष्काळातल्या उन्हात महिनाभर मोबाइल घेऊन तो बांधबांध हिंडला, दर वळणावर ठिपका टिपला. पण नकाशा झाला चाळीस एमबीचा, अन् केजहून फोन आला की पाच एमबीच्या वर फाइल जात नाही, मुदत आज संध्याकाळपर्यंत. मग काय! त्यानं बांधांची वळणं सरळ करायला घेतली. दहा ठिपक्यांचे चार केले, चाराचे तीन. डोळ्याला नकाशा तोच दिसत होता, तरी सहा एमबी उरलेच. आणखी थोडं ओढलं, तशी पडद्यावर पाटी आली: एक आकृती मोडली आहे, वगळायची का? कुणाचं रान ते बघायला मिनिटभर लागलं असतं. त्यानं ‘हो’ दाबलं. फाइल गेली. सुंदररावांनी पाठ थोपटून चहा पाजला.

ते रान दगडाबाईचं होतं, ओढ्याकाठचं, सात गुंठ्यांचं; इतकं चिंचोळं, की वळणं सरळ करताना दोन्ही बांध एकमेकांवर चढले होते.

वीस वर्षं बाई ऊसतोडीला जात होती. यंदा पाणी येणार म्हणून तिनं मुकादमाला नकार कळवला होता. मेथी-कोथिंबीर करीन, नेकनूरच्या बाजारात बसेन, असं गावभर सांगत सुटली होती. ती दारातून परत फिरली तेव्हा उत्तरेश्वरला तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. भ्याला, दुसरं काय! पण त्या दिवसापासून घास काही गोड लागेना.

आठवड्यानं ऊसतोडीचा ट्रक वेशीत लागला आणि त्यात दगडाबाईचं बोचकं दिसलं, तसा तो धावत सुटला.

“मावशी, केजवाल्यानी न्हाई, मी काढलं तुमचं रान. फाइल बारीक करताना. अन् तुमी इचारलं तवा गप बसलो.”

“ल्हान व्हतं म्हून?”

“व्हय.”

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेनं तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

“चूक माही हाय, असं लिहून दिलंय मी संस्थेत. पर आता कॉक पुढल्या सालीच बसंल.”

“म्हंजी यंदा कोयता हायच.” तिनं हात पुढं केला. “पयला नकाशा हाय का तुझ्याकडं? दाव.”

त्यानं मोबाइलवर तिचं रान मोठं करून दाखवलं, सगळ्या वळणांसकट.

“ही बाभळ. हितं व्हळ आत घुसलाय,” म्हणत तिनं बोटानं सगळा बांध एकदा चालून काढला. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, तरी बोट घाई करीना.

मग मोबाइल त्याच्या हातात देऊन ती ट्रकवर चढली. आतल्या बायकांनी दाटीवाटीनं सरकून तिला जागा करून दिली.